आवाज सोडून सगळं

रोमच्या तुस्कोलाना रस्त्यावरच्या नाझारेनो खाटकाच्या दुकानात एवारिस्तो नोरिसला गेली सोळा वर्षं सर्दी झालेली होती.

"वासराचं काळीज द्या. एकट्यापुरतं. पातळ कापा," तो म्हणायचा आणि नाझारेनो सुरी थांबवून त्याच्याकडे बघायचा. समोर तर तोच चेहरा. तेच लांब नाक, तेच सुपासारखे कान, मागून कुणीतरी हाक मारल्यासारख्या कायम वर चढलेल्या त्याच भुवया. रविवारी सिनेमात या चेहऱ्याच्या तोंडून कसा भरदार, रोमच्या गल्लीबोळांत मुरलेला आवाज निघाला होता. आणि इथं हा बारीक, नाकातून येणारा डोंगराकडचा सूर.

"घसा अजून बसलेलाच का, सिन्योर नोरिस?"

"काय करणार. हवाच तशी आहे."

"हवेला कशाला बोल लावता? लग्न करा. बायकोच्या हातचा काढा पोटात गेला की घसा आपोआप सुटतो."

दुकानातल्या बायका हसायच्या. तोही भुवया आणखी थोड्या वर करायचा, म्हणजे त्या पुन्हा हसायच्या. खरं सांगून बघितलं होतं त्यानं, अगदी सुरुवातीला. "सिनेमातला तो आवाज माझा नाही हो, दुसऱ्याचा आहे." त्यावर रांगेतली एक बाई त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली होती, "मग सरळ सांगा ना, तुम्ही ते नव्हेच म्हणून. दिसता मात्र हुबेहूब." त्यापेक्षा सर्दी बरी, असं त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं. इमारतीच्या दारावर बसणारी सिन्योरा इओले त्याच्यासाठी मध आणून द्यायची. त्याला गोड आवडत नसे. स्वयंपाकघरातल्या फळीवर मधाच्या बाटल्या साचत गेल्या.

आवाज लांबेर्तोचा होता. लांबेर्तो फ्राकासी. ठेंगणा, जाडजूड माणूस. पडद्यावर कधी न दिसलेला.

एवारिस्तो मूळचा बेर्गामोच्या वरच्या अंगाला, सेरियो नदीच्या खोऱ्यातल्या प्रादेल गावचा. बाप लाकडाच्या वखारीत, आई जुदित्ता सुताच्या गिरणीत. महायुद्धानंतर तो एका फिरत्या नाटकमंडळीत शिरला, कारण त्याला पडता यायचं. खुर्चीवरून, शिडीवरून, नुसत्या चांगल्या बातमीनंसुद्धा तो असा काही पडायचा की लोक पोट धरून हसायचे. त्या मंडळीबरोबर तो रोमला आला आणि राहिला. पहिल्या सिनेमात त्याला वाढप्याचं काम मिळालं. मंत्र्याच्या मांडीवर गरम सूप सांडायचं आणि माफी मागायची. सूप त्यानं झकास सांडलं. माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, "तोंड याला देवानं दिलंय, आवाज मात्र शेळीनं. हा रोमचा वाढपी आहे, बाबा. तू डोंगरातून चीज घेऊन आल्यासारखा बोलतोयस."

"मग गप्प राहू का?"

"ओठ हलव. आवाज नंतर घालू."

आवाज नंतर घालणं तिथं काही विशेष नव्हतं. सगळेच सिनेमे आधी चित्र घेऊन मग बंद खोलीत बोलके केले जायचे. नायिकेचा आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा, आणि याची कुणाला लाजही नसे. पण एवारिस्तोच्या चेहऱ्याला लांबेर्तोचा आवाज असा काही चिकटला की मग सुटलाच नाही. त्या घाबरट तोंडातून तो ऐसपैस आवाज निघाला की लोक नुसत्या त्या विसंगतीनंच हसत. पुढच्या सिनेमात निर्मात्यानं दोघांना एकदमच ठरवलं, दुकानात बूट जोडीनं घ्यावेत तसं. मग तो चर्चमध्ये घंटा वाजवणारा झाला, तिकीट तपासनीस झाला, बायकोनं फसवलेला नवरा तर कितीदा झाला. आवाज सोडून सगळं त्याचं.

बोलायचंच नाही म्हटल्यावर संवाद पाठ करण्यात अर्थ नव्हता. कॅमेऱ्यासमोर तो आकडे म्हणायचा. तिथले बरेच जण म्हणत, ओठ हलले की झालं. पण एवारिस्तोनं त्यात कसब मिळवलं होतं. आकडे चाळिशीत आले की लग्नाची मागणी घालायची, पन्नाशीत नकार ऐकायचा, साठीला रडू यायचं. "एकसष्ट... बासष्ट..." म्हणताना त्याचा गळा खरोखर दाटून यायचा. कपडेपटात काम करणारी देलिया एकदा ते बघून डोळे पुसत होती. त्यानंतर वर्षभर ती आणि तो रविवारी बरोबर जेवायचे. ती चांगली होती, वाटाण्याचं कालवण सुरेख करायची. पण जेवताना ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, अजून काही यायचं बाकी असल्यासारखी. एका रविवारी ती हसत म्हणाली, "एकदा तरी त्या आवाजात माझं नाव घ्या ना." त्यानं घ्यायचा प्रयत्न केला. दोघंही ओशाळले. पुढच्या उन्हाळ्यात देलियानं स्टुडिओत दिवे लावणाऱ्या एकाशी लग्न केलं. एवारिस्तोनं चादरींचा जोड भेट दिला आणि रविवारचं जेवण पुन्हा एकट्यापुरतं करायला लागला.

हे सगळं चाललं असतं. माणसाला कशाचीही सवय होते. पण प्रादेलला त्याची आई होती, आणि आईला दिसत नव्हतं.

एवारिस्तोचा पहिला सिनेमा खोऱ्यात पोचायला पाच वर्षं लागली, आणि त्याच्या आतच काचबिंदूनं जुदित्ताची नजर गेली. पाद्रीबाबा रविवारी दुपारी चर्चमागच्या सभागृहात सिनेमा दाखवायचे. धाकटी बहीण तेक्ला आईला धरून घेऊन गेली. लोक म्हणाले, "जुदित्ताबाई, ऐका, आला बघा तुमचा रिस्तो!" आणि जुदित्तानं ऐकलं. पाठ ताठ करून, डोक्यावरचा रुमाल कानामागे सारून ऐकलं. घरी येताना तेक्लाला म्हणाली, "रोमचं पाणी मानवलं गं त्याला. छाती कशी मोकळी झालीय पोराची."

तेक्लानं भावाला पत्र लिहिलं. 'मी काही सांगितलेलं नाही. पाद्रीबाबाही सांगू नको म्हणाले. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी बोलायचं नाही असं ठरलंय. धुण्याच्या घाटावर ती सगळ्यांना तुझ्या आवाजाबद्दल सांगत बसते. तू आलास की तूच काय ते बघ.'

त्यानं काहीच बघितलं नाही. नाताळला घरी गेला, दारातूनच "आई" म्हणाला, आणि आईनं हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपत विचारलं, "का रे, आजारी आहेस?"

"नाही. प्रवासानं दमलोय जरा."

दमणूक दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तिकडं कसा घसा मोकळा सोडून बोलतोस. आणि घरी आलास की पुटपुट. आमची लाज वाटते का रे तुला?"

"असं काय बोलतेस, आई?"

"मग काय बोलू? चांगलं ते जगाला, आणि उरलंसुरलं आईला. तुझ्या बापाचं असंच होतं. दारूच्या गुत्त्यात गाणी म्हणायचा आणि घरात नुसता हुं हुं."

तेक्ला चुलीपाशी मक्याच्या पिठाचा पोलेंता घोटत होती. तिनं लाकडी पळी जोरजोरात फिरवली. एवारिस्तो दोन्हीकडून अडकला होता. सांगायचं म्हणजे आईचा रोममधला मुलगा तिच्यापासून काढून घ्यायचा. न सांगायचं म्हणजे इथं बसलेला मुलगा तिला कधी मिळायचाच नाही. दर वर्षी तो दोनदा घरी जायचा, नाताळला आणि नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाला. दर वेळी आई विचारायची आणि दर वेळी तो दमलेला असायचा. पंधरा वर्षं गेली. आई एक्याऐंशीची झाली. तेक्लाच्या पत्रात तिच्या धापेबद्दल जास्त आणि बाकी कमी मजकूर येऊ लागला.

एवारिस्तोला आता एकच हवं होतं. आईनं जायच्या आधी एकदा त्याला ऐकावं. घरात नव्हे, घरातल्या त्याच्या आवाजावर तिचा विश्वास नव्हता. तिथं, सभागृहात, सगळ्या गावासोबत.

कोर्वी नावाच्या नव्या दिग्दर्शकानं त्याला बोलावलं ते त्या वर्षीच्या मार्चमध्ये. मिलानच्या स्टेशनवरच्या एका हमालाची गोष्ट होती. वरच्या डोंगरातून आलेला, इतरांच्या बॅगा उचलणारा, आणि एक दिवस कुणाची तरी लग्नाची पेटी चुकून आपल्याच घरी नेणारा हमाल. हसण्यासारखं बरंच होतं, आणि मध्ये मध्ये नव्हतंही.

"आवाज तुमचाच राहील," कोर्वी म्हणाला.

एवारिस्तोला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "माझा?"

"मला खोऱ्यातला माणूस हवाय. तुम्ही खोऱ्यातलेच ना?"

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी त्यानं हमालाची टोपी घातली, पेटी खांद्यावर घेतली, तोंड उघडलं, आणि आवाज आला, "एक, दोन, तीन, चार..."

सगळे हसले. तोही हसला. पुन्हा घेतलं. पुन्हा "एक, दोन". संवाद चोख पाठ होता, पण जीभ वीस वर्षांच्या वाटेनं चाललेली. सहाव्या वेळी घाम फुटला. दिवे सांभाळणारा एकजण मागून ओरडला, "शंभरापर्यंत जाऊ द्या त्यांना, मग आपोआप थांबतील!" कोर्वीनं जेवणाची सुट्टी दिली. एवारिस्तो पेटीवर बसून राहिला. ब्रेड हातातच होता. काम गेलं, असं त्यानं मनाशी जवळजवळ धरूनच टाकलं.

पुढचे आठ दिवस तो घरी मोठ्यानं बोलत होता. भांडी घासताना, बटण लावताना, जिना चढताना. तिसऱ्या दिवशी सिन्योरा इओले वर आली आणि दार अर्धवट लोटून दबक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या घरात कुणी परका माणूस आहे का हो? मघापासून बोलतोय."

"मीच आहे, सिन्योरा."

तिनं आत डोकावून खोलीभर नजर फिरवली. खात्री झाल्यावर म्हणाली, "मध संपलाय का?"

काम गेलं नाही. तो बोलला. आणि शेवटी डबिंगच्या खोलीतही तो स्वतःच उभा राहिला, त्या काळोख्या, गालिच्यांनी मढवलेल्या खोलीत, जिथं त्यानं आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. समोर पडद्यावर त्याचं तोंड हलत होतं आणि त्याला पहिल्यांदाच त्या तोंडाला आपला आवाज द्यायचा होता. बाहेर पडला तर दाराबाहेरच्या बाकावर लांबेर्तो, मांडीवर कागदी पिशवीत जर्दाळू.

"घ्या," लांबेर्तो म्हणाला. त्याच आवाजात. एवारिस्तोला अजूनही तो आवाज ऐकला की आपलेच ओठ हलतील असं वाटायचं. "निर्मात्यानं मलाही बोलावलंय. म्हणाला, डोंगराकडची बोली शिकून सगळे संवाद भरून ठेव. तुमचं जमलं नाही तर असावं म्हणून."

एवारिस्तो बसला. जर्दाळू हातात धरून म्हणाला, "माझ्या आईला दिसत नाही."

आणि त्यानं सगळं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लांबेर्तोनं ऐकता ऐकता चार जर्दाळू खाल्ले आणि बिया नीट रुमालात गुंडाळल्या.

"मी आत तर जाणार," तो अखेर म्हणाला. "घरी चार मुलं आहेत, नाही म्हणून चालणार नाही. पण तुमची ती बोली मला काही केल्या जमत नाहीये, असं दिसतंय."

आत जाऊन त्यानं काय केलं कोण जाणे. पंधरा मिनिटांत आतून हसण्याचा गडगडाट झाला आणि निर्माता लाल तोंडानं बाहेर आला. सिनेमात एवारिस्तोचा आवाज राहिला.

रोममध्ये सिनेमा धड चालला नाही, धड पडला नाही. नाझारेनोनं काळीज तोलता तोलता विचारलं, "या खेपेला आवाज कुणाचा घातला हो? अजिबात शोभला नाही तुम्हाला."

नोव्हेंबरात तो गावी गेला. रविवारी दुपारी सभागृहात तो आईच्या डाव्या बाजूला बसला, तेक्ला उजव्या बाजूला. कोट, ओली लोकर आणि भाजलेल्या चेस्टनटचा वास. दिवे मालवले. गाडीची शिट्टी झाली, स्टेशनावरचा गलका सुरू झाला, आणि हमाल बोलला.

सभागृह आधी गप्प झालं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपल्यासारखा बोलतोय!" आणि हशा असा उसळला की पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. जुदित्ता हसत नव्हती. पाठ ताठ करून, रुमाल कानामागे सारून ती वाट बघत होती.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "रिस्तो कधी येणार?"

एवारिस्तो तिच्या कानाशी वाकला. "आई, तो हमाल बोलतोय ना, तो मीच."

"हा? हा तर खोऱ्यातला कुणीतरी आहे."

"मी खोऱ्यातलाच आहे, आई."

जुदित्तानं मान हलवली नाही. पडद्यावर हमाल पेटी उघडून आतला पांढरा झगा बघत होता आणि आपल्याशीच बोलत होता. दुसऱ्याच्या आनंदाची पेटी आपल्या घरी आली, आता ती परत कशी करायची, असं काहीतरी. हळू बोलत होता. ती ऐकत होती. मग तिनं एवारिस्तोचा कान पकडून त्याचं तोंड स्वतःच्या कानाशी ओढलं, लहानपणी ओढायची तसं.

"काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"पुरे."

सिनेमा संपला. बाहेर पडताना लोक एवारिस्तोचे हात धरत होते. पाद्रीबाबा जुदित्तापाशी आले आणि टोपी सारखी करून पुढे गेले. तिघं घरी आली. स्वयंपाकघरात आल्यावर जुदित्ता कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"मग तो कोण होता?"

"लांबेर्तो," एवारिस्तो म्हणाला. "रोमचा आहे. तो माझ्या जागी बोलतो."

"पंधरा वर्षं?"

"वीस."

"तेक्ला, तुला ठाऊक होतं?"

तेक्ला चुलीकडे वळून म्हणाली, "सगळ्या गावाला ठाऊक होतं, आई."

"वा. एका म्हातारीला फसवायला अख्खं गाव कामाला लागलं." जुदित्तानं कोटाची बटणं चाचपली, एक काढलं, परत लावलं. "माणूस कसा आहे?"

"कोण?"

"तो, तुझा लांबेर्तो."

"चांगला आहे. जर्दाळू खातो."

"बायको-मुलं?"

"आहेत. चार मुलं."

"म्हणूनच." ती थोडा वेळ दम घेत राहिली. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. "मला नेहमी वाटायचं, माझ्या पोराचं लग्न झालं नाही तरी त्याचं बरं चाललंय. चार माणसांत उठबस आहे, जेवायला कुणीतरी वाढतंय. त्याच्या आवाजात कळतं ना ते. म्हणून मी कधी विचारलं नाही तुला. देवाकडेही दुसऱ्यांसाठीच मागत राहिले." 

एवारिस्तो उभाच होता. हातातली टोपी कुठं ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

"आज तो हमाल पेटीपाशी बोलत होता ना," ती म्हणाली, "मला वाटलं, कुणाचा पोरगा आहे हा. याच्याशी दिवसभरात कुणी बोलत नाही."

तेक्लानं पळी ठेवली आणि खोलीच्या बाहेर निघून गेली, लाकडं आणायला, लाकडं भरपूर असताना.

"तू एकटा जेवतोस का रे?"

"हो, आई."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारीसुद्धा."

जुदित्तानं आपल्या शेजारची खुर्ची हातानं शोधली आणि पुढे ओढली. तो बसला. आता ती त्याचा चेहरा चाचपत नव्हती, फक्त मान त्याच्या बाजूला कलवून बसली होती.

"बोल," ती म्हणाली. "हळू बोललास तरी चालेल."

वीस वर्षांचं एकदम कुठून काढायचं? शेवटी, काल गाडीत त्यानं काय खाल्लं आणि समोर कोण बसलं होतं, तिथपासून त्यानं सुरुवात केली.